पौर्णिमेला लावलेलं गंध

आमचा बिंदू मिस्त्री झाला तेव्हा काशीच्या रामघाटावरच्या अर्ध्या गल्लीने आमच्याशी बोलणं टाकलं होतं. वैदिकाचा मुलगा, आठव्या वर्षी मुंज, बाराव्या वर्षी संहिता तोंडपाठ, आणि पंचविशीत हा पठ्ठ्या राजघाटच्या पुलापलीकडे पडाव नाक्यावर, स्वतःच्या वर्कशॉपात, जीपगाड्यांखाली उताणा पडलेला! मी त्याची थोरली बहीण, शरदिनी. शाळेत संस्कृत शिकवायचे, लग्न केलं नाही, आणि जिभेला हाड म्हणून नाही. गल्लीतल्या एकेकाला मीच ऐकवलं, ‘तुमच्या मुलाला येतं का वेल्डिंग? मग गप बसा.’

बिंदूची बायको गेली तेव्हा त्यांची ऋता चार वर्षांची होती. ती माझ्या हाताखाली वाढली. तिच्या वेण्या मी घातल्या, पाढे मी घेतले, आणि चिडली की नाक उडवायची तेसुद्धा माझंच बघून. पुढे नर्स झाली. नौगढच्या डोंगरात एक संस्था फिरता दवाखाना चालवते, तिथे लागली. मी म्हटलं, ‘इथे बनारसमध्ये काय आजारी माणसं कमी आहेत?’ तर म्हणे, ‘आत्या, इथे माणसं आहेत, तसे रास्तेपण आहेत. तिथे नाहीत.’

त्या दवाखान्याचा एक जुना फोर व्हील ड्राइव्ह ट्रक होता. मागे एक स्ट्रेचर, दोन बाकं. खाली लोखंडी पाट्यांच्या कमानी, बैलगाडीपेक्षा बऱ्या एवढंच. खडकांवरून येताना मागे झोपलेली बाई अर्धमेली व्हायची. एकदा एक वाटेतच बाळंत झाली आणि बाळ राहिलं नाही. ऋता घरी आली ती रडतच. ‘बाबा, त्या कमानी काढा. कॉइल स्प्रिंगा बसवा.’

बिंदूने तीन महिने त्या ट्रकवर घातले. मला यातलं काय कळतंय, पण जेवताना तो दुसरं बोलायचाच नाही. कमान दोन कामं करते, वजनही पेलते आणि अॅक्सलला, म्हणजे चाकांच्या आसाला, जागेवर धरूनही ठेवते. कॉइल नुसतं वजन पेलते. म्हणून धरून ठेवायला वेगळे दांडे लावावे लागतात, लांबीत चार आणि एक आडवा. आडवा सुटला तर अॅक्सल बाजूला सरकतो आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. हे त्याने मला वाटीने आणि चमच्यांनी पानात मांडून दाखवलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

आता त्याच्या गंधाचं सांगायला हवं. काम पुरं झालं, स्वतः चालवून पाहिली, की बिंदू गाडीच्या बॉनेटवर अष्टगंधाचं बोट ओढायचा. वैदिकाचं घर सोडलं तरी तेवढं त्याच्याबरोबर गेलं. त्याचं गंध नसलेली गाडी कोणी हलवायचं नाही, आणि गंध असलेली गाडी बेलाशक न्यायची. पडावपासून चकियापर्यंत प्रत्येक ड्रायव्हरला हे ठाऊक होतं. तीस वर्षांत एकदाही ते गंध खोटं पडलं नाही.

दुसरं असं, की आमचे सातारा-वाईकडचे यजमान पितृपक्षात काशीला येतात. वडील गेल्यावर त्यांच्या श्राद्धांना बसणार कोण? बिंदूच. वर्षभर ग्रीस आणि पंधरा दिवस सोवळं, अशी त्याने वाटणी केली होती. त्या पंधरा दिवसांत वर्कशॉप बंद आणि सोवळ्यात असताना फोनही कपाटात.

गेल्या वर्षीची भाद्रपद पौर्णिमा. मी मंगला गौरीचं दर्शन घेतलं आणि रिक्षाने त्याचा डबा घेऊन पडावला गेले. ट्रक उभा होता, नव्या काळ्या कॉइल्स, रंग लावलेले दांडे. मी म्हटलं, ‘उद्यापासून पक्ष. नव्या कामाला पक्षात गंध लावणार आहेस का? आजच लाव.’

‘ताई, आडव्या दांड्याचं एक ब्रॅकेट राहिलंय. नुसते टाके मारलेत, पुरं वेल्डिंग व्हायचंय. आणि बिजली गेलीये.’

‘मग उद्या संध्याकाळी सोवळं उतरल्यावर येऊन कर की! कोण नेतंय तोवर? अपशकुन कशाला करतोस त्या पोरीच्या गाडीला?’

तो नाही म्हणाला. मी डोक्यावरच बसले. शेवटी वैतागून त्याने डबी काढली आणि बोट ओढलं. मी हात जोडले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

प्रतिपदेला घरी यजमान होते. बिंदू आत संकल्प सांगत होता, मी चुलीपाशी, हात पिठाचे. सकाळी सव्वादहाला माझा फोन वाजला. कोपराने उचलला. ऋता होती. आदल्या दिवशी एका पेशंटला भाड्याच्या जीपने घेऊन ती शहरातल्या हॉस्पिटलात आली होती आणि रात्रभर तिच्याजवळच बसली होती. आता दवाखान्यातून निरोप आला होता, पहाटेपासून एक बाई अडलीये आणि दुसरी गाडी नाही. ऋता आणि ड्रायव्हर श्रीराम पडावला ट्रकपाशी उभे होते.

‘आत्या, बाबा फोन उठवत नाहीत. ट्रक नेऊ ना? गंध तर लावलंय बाबांनी.’

‘लावलंय ना? मग झालं. मी सोवळ्यात आहे गं, नंतर बोल.’

‘बरं बरं, रागावू नकोस,’ म्हणाली आणि हसली.

एवढंच. ब्रॅकेट मला आठवलंच नाही. मला वडे तळायचे होते. देवा, वडे!

नौगढच्या उतारावर, खडकाळ वळणाला, टाके सुटले. ट्रक नाल्यात गेला. श्रीरामचं गळ्याचं हाड मोडलं, तो वाचला. ऋता जागच्या जागी गेली. त्या अडलेल्या बाईचंही काही चांगलं झालं नाही म्हणतात. मी पुढे विचारलं नाही, धीर झाला नाही.

पोलिसांसमोर बिंदूने एकच सांगितलं, ‘टाके माझे, गंध माझं.’ माझं नावही काढलं नाही. मी लावायला लावलं हे तो आजवर कोणाला बोललेला नाही. पण त्याला ते खात नव्हतं. त्याला खात होते त्याच्या फोनमधले दोन मिस्ड कॉल, दहा वाजून बारा आणि दहा वाजून तेरा मिनिटांचे. ‘ताई, तिने मला विचारायला फोन केला होता. मी उचलला असता तर सांगितलं असतं.’ हे तो रोज म्हणायचा. जेवताना, संकठा घाटावर बसलेला असताना, झोपेतसुद्धा. ऋताचा फोन नाल्यात चुरा झाला होता. आणि माझ्या फोनमधला तिचा कॉल मी तिसऱ्याच दिवशी पुसून टाकला. हो, मीच. वर्षभर समोर बसून मी त्याला म्हणत राहिले, ‘नको रे मनाला लावून घेऊस.’ केवढी बेशरम!

यंदा प्रतिपदेला तिचं वर्षश्राद्ध झालं. पानावर बसल्यावर तो पुन्हा तेच म्हणाला, मी उचलला असता तर. आणि माझ्याच्याने राहवेना.

‘बिंदू, तिने नंतर मला केला होता. मी उचलला.’

त्याचा हात थांबला. ‘काय म्हणाली?’

मी सगळं सांगितलं, शब्द न शब्द, वड्यांसकट.

त्याने पान बाजूला सारलं. मग म्हणाला, ‘ब्रॅकेटचं सांगितलंस तिला?’

‘नाही.’

‘मी तुला सांगितलं होतं.’

‘हो.’

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, हात धुतले, चपला घातल्या आणि पडावला गेला. तेव्हापासून वर्कशॉपच्या मागच्या खोलीतच राहतो. काम करतो म्हणे, पण गंध लावत नाही. ड्रायव्हर मागतात, तर म्हणतो, ‘खुद हिलाकर देख लो.’

शेजारची मधुरा परवा तिकडून आली. सांगत होती, आता तो फोन खिशातच ठेवतो. गाडीखाली असो, जेवत असो, नाहीतर यजमानांसमोर सोवळ्यात बसलेला असो, पहिल्या रिंगला उचलतो. कोणाचाही.

मी रोज सकाळी सव्वादहाला त्याला फोन लावते. माझा उचलत नाही.