परत न गेलेल्या वाडग्यांचं घर

इंडियानाच्या टेकड्यांत प्रेविटबाईंचं ओंडक्यांचं घर अजून उभं होतं, ते व्हर्लीन स्टकीच्या झाडूच्या जोरावर. लेखिका प्रेविटबाई देवाघरी गेल्या तेव्हापासून शेजारची ही व्हर्लीन दर वसंतात ओंडक्यांमधल्या फटी चुना-मातीने लिंपायची आणि भिंतीला चोची मारणाऱ्या सुतारपक्ष्यांमागे झाडू घेऊन धावायची. "मेल्यांनो, चर्चच्या मनोऱ्यावर जा! तिथे निदान घंटा तरी वाजेल!"

पण आता त्या घराच्याच जिवावर बेतलं होतं. शहरातल्या एका हॉटेलवाल्याला शोभेसाठी ते ओंडके हवे होते. "बाईंच्या वेळी होतं तसंच्या तसं असेल, तर जिल्हा घर सांभाळेल. नाहीतर विकेल," असं जिल्ह्याच्या बाइससाहेबांनी कळवलं. व्हर्लीनने येशूला हात जोडले, सगळ्या गावाला जेवायला बोलावलं आणि बाईंच्या वस्तू घासूनपुसून मांडल्या.

पाहणीला आल्यावर साहेबांनी टोपी खुंटीला अडकवली. कौतुकाने एक निळा वाडगा उचलला आणि उलटा केला. तळाशी पिवळी पडलेली चिकटपट्टी, तिच्यावर नाव: डॉर्था मलिन्स.

चर्चच्या जेवणाला जो तो घरून पदार्थ आणतो आणि आपल्या भांड्याखाली नावाची पट्टी लावतो, म्हणजे भांडं आपल्या घरी परत जातं. जायला हवं.

"अगं बाई, माझा वाडगा!" डॉर्था किंचाळली. "आणि मी इतकी वर्षं नणंदेवर आळ घेतेय!"

झालं. सगळं गाव घर उलटंपालटं करू लागलं. कढई एकीची निघाली, घड्याळ दुसरीचं. म्हाताऱ्या लोवेलने डुलत्या खुर्चीखाली डोकं घातलं, ते खुर्ची डोक्यावर घेऊनच बाहेर काढलं. "आमच्या आजीची ही! बाई म्हणाल्या होत्या, एवढं पुस्तक संपलं की देते."

"मग?" साहेबांनी विचारलं.

"संपलं की. लगेच दुसरं सुरू केलं."

घडीभरात घर रिकामं. लोवेल आता भिंतीकडे संशयाने बघत होता. "हे ओंडकेपण आमच्याच रानातले वाटतात."

"हात तर लावून बघ!" व्हर्लीनने झाडू उगारला.

"म्हणजे प्रेविटबाईंचं स्वतःचं इथे काहीच नाही?" साहेबांनी विक्रीचा कागद खिशातून काढला.

व्हर्लीन दार अडवून उभी राहिली. "डॉर्था, बाई होत्या तेव्हा वाडगा कुठे होता?"

"इथेच असणार की मेला, बाईंच्या फडताळात! म्हणून तर मला सापडला नाही!"

"लोवेल, खुर्ची?"

"याच खिडकीशी."

"ऐकलंत ना साहेब? तसंच्या तसं हवं, तर या घरात दुसऱ्यांच्याच वस्तू हव्यात. ठेवा रे सगळे परत!"

"मी नाव वरच्या बाजूला लावणार," लोवेल कुरकुरला. "लोकांना दिसेल असं." पण खुर्ची खिडकीशी गेली. वाडगा फडताळात गेला. साहेबांना इतकं हसू आलं की कागद फाडताना दोनदा हातातून निसटला.

निघताना त्यांचा हात डोक्याकडे गेला. "माझी टोपी?"

"खुंटीवर शोभतेय, राहू द्या," व्हर्लीन म्हणाली. "आत नावाची पट्टी लावलीय. हरवायची नाही."