यमुनाक्कानं पाणी घातलेला खड्डा

लखू वायरमन पहिल्यांदा सुप्यात उतरला, त्या दिवशी बाजारातली कुत्री भुंकायची विसरली, आणि काळी नदीसुद्धा वळणावर क्षणभर थबकली, असं शपथेवर सांगणारे लोक पुष्कळ होते. गळ्यात वायरची वेटोळी, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कमरेला पक्कड. शंकरानं कैलास सोडून नोकरी धरावी, असा थाट! लाकडाचे व्यापारी पुंडलिकराव यांची बायको यमुनाक्का दारात उभी होती. लखू तिच्या पायाशी वाकला आणि म्हणाला, "अक्का, घोटभर पाणी दे गं. खानापुरापास्नं घसा सुकलाय."

झालं! खानापूर म्हणजे यमुनाक्काचं माहेर, आणि पाठीला भाऊ नाही. पाणी पिऊन होईपर्यंत लखू तिचा भाऊ झालेला होता.

साल एकोणीसशे बत्तीस. पुंडलिकरावांनी लाकूड कापायच्या गिरणीला तेलाचं इंजिन आणि डायनॅमो आणला होता. त्यावर घरात चार दिवे आणि माजघरात टेबलपंख्यासाठी एक सॉकेट बसवायचं होतं. सुप्यात तोवर वारा फक्त देव सोडत असे.

एका सॉकेटसाठी लखू तीन महिने राहिला. तांदळाच्या भाकरीशिवाय त्याची पक्कड चालत नसे. मग म्हणाला, "अक्का, अर्थिंगला तांब्याचा पत्रा पुरावा लागतोय. करंट चुकून पंख्यात शिरला, तर त्या वाटेनं जमिनीत जातो." यमुनाक्कानं माहेरचं तांब्याचं घंगाळ काढून दिलं. ते ठोकून पत्रा करायचं ठरलं. परसात खड्डा खणला, त्यात कोळसा पडला, मीठ पडलं. हळदकुंकू झालं, नारळ फुटला.

"रोज कळशीभर पाणी घाल. खड्डा सुकला की करंट खवळतो," असं बजावून लखू गेला.

यमुनाक्का रोज आधी तुळशीला आणि मग खड्ड्याला पाणी घाली. आषाढात सगळा सुपा डोक्यावर इरलं घेऊन फिरायचा, तेव्हाही ही भर पावसात कळशी घेऊन परसात उभी!

पंखा मात्र हात लावला की झटका देई. दर भाऊबीजेला लखू खण घेऊन येई, पंख्याकडे लांबूनच बघे आणि म्हणे, "पाणी कमी पडतंय, अक्का." दुसऱ्या वर्षी दोन कळशा झाल्या, तिसऱ्या वर्षी तीन. 'माझ्याच हातून कसूर होतेय,' म्हणून ती मनाशी खंतावे.

चौथ्या वर्षी गिरणीतला उमाजी पंखा सरकवायला गेला आणि तांदळाच्या पोत्यावर जाऊन बसला. "बाई, तुमचा पंका चावतो! आमच्या रानातलं अस्वल चावायच्या आधी गुरगुरतं तरी."

"दुसरा मेस्त्री आणतो," पुंडलिकराव म्हणाले.

"माझ्या भावाच्या कामाला परक्याचा हात? त्यापरास मला खानापूरला धाडा!"

पण दिवाळीच्या तोंडावर खुद्द पुंडलिकरावच पोत्यावर बसले, तेव्हा मात्र कॅसलरॉकहून मारुती मेस्त्री आला. त्यानं सॉकेट उघडलं. आत करंटच्या तारेचा उघडा जोड पंख्याच्या अर्थिंगच्या तारेला टेकला होता, आणि ती तार भिंतीत बोटभर जाऊन मातीतच संपली होती. त्यानं खड्डा उकरला. कोळसा निघाला. पत्रा नव्हता.

"बाई, ह्यात चुलीचं सामान हाय. इजेचं काय न्हाई."

"चार वर्षं पाणी घातलं मी."

"व्हय, भिजलंय चांगलं," मारुती प्रामाणिकपणे म्हणाला. त्यानं सगळं नव्यानं जोडून दिलं.

भाऊबीजेला लखू आला. यमुनाक्कानं पाट मांडला, निरांजन लावलं, आणि ताट हातात धरूनच विचारलं, "लखू, माझं घंगाळ कुठाय?"

"जमिनीत की, अक्का."

"खणून बघितलं आम्ही."

लखूनं मान खाली घातली. "बेळगावात मोडीत घातलं."

"म्हणजे चार वर्षं माझ्याच घंगाळातनं मला ओवाळणी घालत होतास?"

"तसं न्हाई गं. माझी माया खरी हाय, अक्का."

"मग त्या पंख्यावर हात ठेवून सांग."

दिवाळीमुळे इंजिन बंद होतं. पंख्यात मुंगीला चावण्याइतकाही करंट नव्हता, आणि हे लखूलाच सगळ्यात चांगलं कळत होतं. तरी त्याचा हात उठला नाही. तो खण पाटावर ठेवून, बूट हातात घेऊन निघून गेला.

पुढच्या भाऊबीजेपासून यमुनाक्का चंद्राला ओवाळू लागली.