कुंकू लागलेला फोटो

मागच्या महिन्यात एका मंगळवारी कामावरून लंडनमधल्या इल्फर्डच्या फ्लॅटवर आलो, तर दारात मीच पाठवलेला अर्ज परत येऊन पडला होता... सोबत छोटंसं पत्र. फोटोवर डाग आहे, नवीन फोटोवर नव्याने सही घेऊन पाठवा.

डाग कुंकवाचा होता.

ग्लासगोला माझी ताई असते, तिथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिच्या मुलीचं उष्टावण ठरलं होतं. पहिला घास मामाने भरवायचा आणि मामा एकच... मी. आईचा व्हिसा झाला नाही, म्हणजे माहेरचं माणूसही मीच. त्या वीकेंडला रेल्वेलाइनचं काम निघालं होतं, म्हणून भावोजींनी विमानाचं तिकीट काढून दिलं.

तिकीट वाचताना लक्षात आलं की विमान देशातल्या देशात असलं तरी या एअरलाइनला फोटो आयडी लागतो. माझा पासपोर्ट रिन्यूअलला गेलेला, व्हिसा सगळा ऑनलाइन, ड्रायव्हिंग लायसन्स नाही. फोटो असलेलं एकच कार्ड खिशात, ते गोदामातल्या नोकरीचं... ते चालत नाही, हे मी हेल्पलाइनला पुन्हा पुन्हा विचारून नक्की केलं.

मग कळलं की सरकारमान्य ओळखपत्र पोस्टाने मागवता येतं. फक्त फोटोच्या मागे कुणीतरी सही करून सांगायचं, की हा तोच माणूस आहे. सही करणारा नात्यातला नको, निदान वर्षभर ओळखणारा हवा, आणि डॉक्टर, शिक्षक असं कुणी हवं. मी बारावी अर्धवट सोडलेला... माझ्या ओळखीत फोर्कलिफ्ट चालवणारे भरपूर आहेत.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या रिबेकाबाईंचं दार वाजवलं. त्या मुंबईच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, इथल्या शाळेत शिकवून रिटायर झाल्या. मराठी अजून बोलतात, पण बऱ्याचदा वाक्य सुरू होतं मराठीत आणि संपतं इंग्लिशमध्ये. जिन्यात भेट झाली की "काय रे, जेवलास?" आणि माझं "हो बाई"... तीन वर्षांत एवढीच ओळख. त्यांनी काही न विचारता सही करून दिली.

अर्ज मी आधी फोटोकॉपीवर पेन्सिलने भरला. नावाचं स्पेलिंग फोनमधल्या पासपोर्टच्या फोटोशी अक्षर न् अक्षर ताडून बघितलं. मग पेनाने भरला, आणि आईला व्हिडिओ कॉल करून दाखवला.

आई म्हणाली, "महत्त्वाचा कागद आहे रे, कोपऱ्याला कुंकवाचं बोट लाव, मग पाठव." आमच्याकडे पत्रिकेपासून नव्या स्कूटरपर्यंत सगळ्याला लागतं. मी लावलं, अर्ज घडी करून पाकिटात घातला. पाकिटावरचा पत्ता कितीदा तरी तपासला... कुंकू वाळलंय का, एवढंच बघितलं नाही. ते घडीतून फोटोवर उतरलं, थेट माझ्या नाकावर.

परत आलेला फोटो घेऊन बाईंकडे जायची लाज वाटत होती. पण उष्टावण जवळ आलं होतं. ताईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "तू नाही आलास तर मी घास भरवूच देणार नाही कुणाला. नंतर बघू." ते ऐकून तर झोपच गेली.

बाईंनी फोटो उजेडात धरला. आधी हसल्या, मग एकदम शाळेतला आवाज काढला. "अरे, कुंकू देवाला लाव, फॉर्मला कशाला? You silly boy!"

मी म्हटलं, "आईने सांगितलं..."

"आईने सांगितलं म्हणजे झालंच!" नव्या फोटोवर सही करत म्हणाल्या, "बरं, मी पण नवस बोलून ठेवते. तुझं कार्ड आलं तर मलिदा करीन. तुझी आई कुंकू लावते, मी पोहे भिजवते. Same department."

या वेळी मी अर्ज कोरडा पाठवला. दोन-तीन दिवसांनी बाई जिन्यात भेटल्या. कार्डवाल्यांचा त्यांना फोन आला होता, या मुलाला खरंच ओळखता का म्हणून.

"मी म्हटलं, of course! रोज सकाळी कुलूप लावतो, अर्ध्या जिन्यातून परत जाऊन दार ओढून बघतो. मग गेटपर्यंत जातो आणि पुन्हा येतो. आणि पहाटेच्या शिफ्टला जाताना माझ्या दारावरून बूट हातात घेऊन जातो, मला जाग येऊ नये म्हणून. आणखी किती ओळखायचं? तो माणूस हसला, that will do म्हणाला."

मला वाटायचं, इथे मला कुणी बघतच नाही.

निघायच्या आदल्या दिवशी कार्ड आलं. सकाळी बाईंनी मलिद्याचा डबा हातात दिला. गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची. एअरपोर्टवरच्या मुलीने कार्डाकडे क्षणभर पाहिलं आणि "चिअर्स" म्हणून परत दिलं. बस्स, एवढ्यासाठी सगळं!

ग्लासगोला भाचीला मांडीवर घेऊन खिरीचा पहिला घास भरवला. तिने खिरीसकट माझं बोट धरून ठेवलं, सोडेचना. आई व्हिडिओ कॉलवर रडत होती, आणि ताई मलिदा खात विचारत होती, "या रिबेकाबाई कोण रे?"

परवा सकाळी नेहमीसारखा कामाला निघालो. दार एकदा ओढून बघितलं, गेटपाशी पोचलो आणि पाय पुन्हा मागे वळले... तेवढ्यात खालची खिडकी उघडली. "लागलंय रे, मी ऐकलं! जा तू!"

गेलो. त्या दिवशी कामावर दाराची एकदाही आठवण आली नाही. थँक यू, बाई.