चिंचोक्यांचे सैन्य

खैरनार सर गेल्याचा निरोप शेजारच्या मुलीने आणला, तेव्हा मी दाढी करत होतो. हातातला रेझर खाली ठेवला, तोंड पुसले, आणि त्या क्षणी मनात जे पहिले आले ते लिहायला आज सहा आठवड्यांनीही हात धजत नाही. मला दुःख झाले, पण ते नंतर. आधी वाटले की आता कोणी विचारणार नाही... तेवीस वर्षांच्या शेजाराचा, नाशिक रोडच्या आमच्या वसाहतीतल्या सर्वांत निर्मळ माणसाचा मृत्यू, आणि मला सुटल्यासारखे वाटले.

सर इतिहास शिकवत. त्यांच्या पुढच्या खोलीत पलंग नव्हता, प्लायवूडचे मोठे टेबल होते आणि त्यावर कागदाच्या लगद्याचे डोंगर. देवळाली कॅम्पातल्या एका भंगारवाल्याकडे त्यांना शिशाच्या इंग्रज शिपायांची पेटी मिळाली होती. लाल डगले, पांढरे पट्टे, बोटाएवढ्या शिपायाच्या छातीवर बटणेसुद्धा कोरलेली. रविवारी दुपारी आम्ही दोघे त्या टेबलावर लढत असू. फुटपट्टीने अंतर मोजायचे, फासे टाकायचे, कोण पडले ते ठरवायचे. कंपनी सरकारचे राज्य आमच्या जिल्ह्यात नवे असतानाच्या त्या लढाया. इंग्रज सर खेळायचे, डोंगरातले भिल्ल आणि कोळी माझ्याकडे. पण माझे सैन्य चिंचोक्यांचे होते. एकदा सर डाव अर्धाच थांबवून म्हणाले, "देवरे, आलेल्या माणसाची बटणं मोजता येतात, आणि ज्यांचा डोंगर आहे ते चिंचोके. हे मला खेळवत नाही."

तेव्हापासून त्यांचा शोध सुरू झाला. मला आठवते, दिवाळीच्या तोंडावर आम्ही कुंभाराकडे गेलो होतो. किल्ल्यांसाठी मांडलेल्या मावळ्यांच्या रांगांपुढे उकिडवे बसून सरांनी भिल्ल मागितले. कुंभार म्हणाला, "साचा मावळ्याचाच हाय, गुरुजी. ढाल काढतो, धनुष्य देतो. झाला भिल्ल." सर हसले. "अहो, मग अंगरखा?" "त्याला काय, थंडी लय हाय म्हणा."

मग सरांनी मूर्ती स्वतः घडवायच्या ठरवल्या. माझी नोकरी फिरतीची. पेठच्या पलीकडे एका पाड्यावर ढवळूबाबा नावाचे वृद्ध राहतात, त्यांनी आजोबांच्या तोंडून कंपनीच्या वेळच्या गोष्टी ऐकल्या आहेत, असे सरांना कळले होते. त्यांनी मला कोरी वही दिली. "धोतर कसं खोवतात, भाता कुठल्या खांद्याला, उभं कसं राहतात, सगळं विचारा आणि काढून आणा. तुमचा हात चित्रात चांगला आहे."

मी पेठला उतरलो. पाडा तिथून दीड तासाच्या चालीवर होता. पाय दुखत नव्हते, ऊनही फार नव्हते. मला भीती वाटली. एका म्हाताऱ्याच्या अंगणात जाऊन, तुम्ही कमरेला काय गुंडाळता, हे कसे विचारायचे? तो हसेल, किंवा हाकलून देईल... मी स्टँडवरच्या हॉटेलात तीन चहा प्यालो आणि चित्र तिथेच काढले. भिल्ल म्हणून माझ्या डोळ्यांपुढे जे होते ते शाळेच्या स्नेहसंमेलनातले: डोक्याच्या पट्टीत खोचलेली पिसे, कमरेला पाने, गालावर चुन्याचे ठिपके. परत आल्यावर सर्वांना ओळखीचे वाटेल असे ते चित्र मी सरांपुढे ठेवले आणि म्हणालो, "बाबांनी सांगितलं तसं काढलंय."

त्या चित्रावरून त्यांनी वर्षभरात कच्च्या मातीच्या चाळीस मूर्ती घडवल्या. कोंबडीची पिसे कात्रीने बारीक करून एकेका डोक्यात चिकटवली. शाळेच्या प्रदर्शनात टेबल मांडले, तेव्हा वसतिगृहातल्या एका मुलाचे वडील पेठकडून आले होते. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"हे कोण, गुरुजी?"

"तुमच्याकडचेच. भिल्ल, कोळी."

"आमच्यात डोक्याला पिसं नाय लावत कोणी." मग एका मूर्तीच्या कमरेकडे बोट दाखवून म्हणाले, "आन् पानं तर बकऱ्या खातेत."

लोक हसले. सर हसले नाहीत. सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "चूक माझी आहे. मी स्वतः यायला हवं होतं." मी त्यांच्या मागेच उभा होतो.

त्या संध्याकाळी मूर्तींची पुन्हा माती करायला त्या पाण्यात भिजत घालताना त्यांनी विचारले, "देवरे, पिसं बाबांनीच सांगितली ना?" मी हो म्हणालो. पुढेही दोनदा विचारले, एकदा तर आजारपणात. दोन्ही वेळा हो. त्यानंतर ते डोंगरातल्या कोणाकडे चौकशीला गेले नाहीत. विलायतेतल्या खेळण्यांच्या दुकानांना पत्रे लिहीत राहिले. उत्तरे येत: रेड इंडियन आहेत, झुलू आहेत, तुम्ही म्हणता ते लोक नाहीत... असे होकाराची वाट पाहत त्यांचे आयुष्य सरले, आणि उत्तर इथून एका एसटीच्या अंतरावर होते.

तेराव्यानंतर सरांच्या पत्नी सुमनवहिनींनी त्यांचे कागद लावायला बोलावले. सरांच्या टिपणांत एका ओळीखाली दोन रेघा होत्या: "ढवळूबाबांची माहिती चुकीची निघाली. तोंडी सांगण्यावर विसंबू नये." मला बसवेना. ज्या माणसाच्या अंगणात मी पाऊलही टाकले नाही, त्याला मी खोटे ठरवले होते, आणि तो आता हयात आहे की नाही हेही मला ठाऊक नव्हते.

मी वहिनींना सगळे सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या. एक खडा काढून बाजूला टाकत म्हणाल्या, "भाऊजी, तुमची चूक त्यांनी शाळेभर माणसांपुढे स्वतःची म्हणून सांगितली. आणि तुम्ही मला एकटीला सांगताय, तेही स्वयंपाकघरात."

म्हणून हे वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहिले. पेठकडे कोणी वाचेल का, माहीत नाही. वहिनींनी पुढच्या खोलीतले टेबल हलवलेले नाही. रोज सकाळी त्या डोंगरांवरची धूळ फडक्याने नव्हे, तर सर उडवत तशीच हलक्या फुंकरीने उडवतात. लाल डगल्यांची रांग बंदुका रोखून उभी आहे, आणि समोरच्या उतारावर कोणी नाही.