नियम बदललाय

“थांब रे. नियम बदललाय.”

रविवारी दुपारी तीनला बेल वाजायची आणि दार उघडायच्या आत हे वाक्य आत शिरायचं. वाक्यामागून समोरचे काका. काखेत बुटाचं खोकं, चष्मा कपाळावर. दोन्ही हात अडकलेले असले की बेल कोपराने दाबायचे, आणि एकदा दाबून कधी थांबायचे नाहीत. मी आठवडाभर ज्या झोपेची वाट बघायचो तिची वाट लागलेली असायची.

तुमच्याही मजल्यावर असा एखादा माणूस असेल. ज्याला खुर्ची टोचते, लिफ्टची वाट बघवत नाही आणि दुसऱ्याचं स्वस्थ बसणंही सहन होत नाही. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तो मान काकांचा. एका कारखान्यात त्यांनी जन्मभर ओतकामासाठी लाकडी साचे केले. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहीनात म्हणून मजल्यावरच्या सगळ्या खिडक्यांच्या कड्या बदलल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

मग काकूंना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परतलं, चालणं बरंचसं परतलं, पण उजवा हात मांडीवर ठेवलेल्या पिशवीसारखा पडून राहायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढचे काही महिने हात रोज वापरला तरच तो परत येईल, नाहीतर राहिला तो तसाच. व्यायामासाठी त्यांनी एक पिवळा स्पंजचा चेंडू दिला. काकूंनी तो दुसऱ्याच दिवशी तांदळाच्या डब्यात टाकला. “मी काय बालवाडीत आहे?” असं म्हणाल्या आणि विषय संपवला.

काका चार दिवस गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. बायकोला व्यायाम नको असला तरी हरणं मुळीच सोसत नाही, हे त्यांना माहीत होतं. झटक्याआधी मेंढीकोटमध्ये काकूंनी आख्ख्या मजल्याला रडवलं होतं. पाचव्या दिवशी काका बुटाचं खोकं घेऊन आमच्या दारात उभे राहिले, मागे काकू.

खोक्यात दोन लाकडी फासे होते, लाडवाएवढे, आणि पुठ्ठ्याची पानं. प्रत्येक पानावर एक आकडा आणि एक प्राणी, प्राणी सगळे काकांच्या डोक्यातून निघालेले. दोन मजल्यांच्या मध्ये उलटं लटकणारं लिफ्टवाघूळ. शिट्ट्या मारणारा कुकरबोका. सोसायटीच्या टाकीत राहणारी, पंख फुटलेली सुसर. माझ्या मुलीने, जुईने, गावची राखण करणारा देवचार काढा म्हणून हट्ट धरला तेव्हा मात्र काकांनी कान पकडले. “त्याला खोक्यात कोंबायचं नसतं, बाय.”

खेळ सोपा होता. फासे टाकायचे, गठ्ठ्यातलं वरचं पान उघडायचं. फाशांची बेरीज पानावरच्या आकड्याला पुरली तर तो प्राणी तुमचा. पाच प्राणी जमले की जिंकलात. बाकी नियम दर रविवारी बदलायचे, पण एक कधीच बदलला नाही. फासे उजव्या हाताने टाकायचे. डावा लावला की एक प्राणी परत.

आता गंमत अशी की मी डावरा. माझे फासे हमखास सोफ्याखाली जायचे. मी एकदा वैतागून विचारलं, “काका, मलाच का छळता? पहिल्या मजल्यावरचे सगळे उजवे आहेत.”

“म्हणून तर तुझ्याकडे येतो,” ते हळूच म्हणाले. “तिला दिसायला हवं ना, कुणीतरी आपल्याइतकंच धडपडतंय.”

मला राग यायला हवा होता. आला नाही, उलट पुढच्या रविवारी मी तीनच्या आधीच चहा पिऊन तयार होतो.

फासे दर महिन्याला लहान होत गेले. लाडवाचं लिंबू झालं, लिंबाची सुपारी. आधी पानं सतरंजीवर मांडायची असायची, मग हातात धरायची. नियम का बदलतोय हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, काकूंनाही. काका तेवढे एका जागी बसत नसत. फासा काकूंच्या हातात गेला की ते उठून उभे राहायचे, पंखा कमी करायचे, परत वाढवायचे.

“एका जाग्यार बसा बघू,” काकू ओरडायच्या.

“तू टाक गो.”

मग त्या माणसाने एक घोळ केला. दोन महिने काकूंचा हात तिथल्या तिथे अडकला होता आणि त्या सारख्या हरत होत्या. एका रविवारी जुई म्हणाली, “काकूंना एका फाशावर प्रत्येक वेळी सहाच कसा पडतो?” काकूंची पाळी आली की काका एक फासा पंच्याने पुसून द्यायचे. पंच्यात दुसरा फासा होता, आतून कोरून शिसं भरलेला. साचे करणारा माणूस तो, सांधा कुठे दिसलाच नसता. पण काकूंना तो जड लागला.

त्यांनी नवऱ्याकडे असं बघितलं की मीच अंग चोरलं. “माका भीक घालतास?” एवढंच बोलल्या आणि फासा गॅलरीतून खालच्या जांभळावर भिरकावला.

काका तीन जिने धावत उतरले. धापा टाकत वर आले तेव्हा त्यांची मूठ रिकामी होती. दारातूनच त्यांनी विचारलं, “कुठच्या हातान टाकलंस?”

काकू आपल्या हाताकडे बघत राहिल्या.

“उजव्या,” जुई म्हणाली.

त्या दिवशी काका सतरंजीवर बसले आणि अख्खा डाव उठले नाहीत. जिंकलं कोण ते मला आठवत नाही.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर दुधाच्या केंद्रावर काका उभ्या उभ्या कोसळले, ते गेलेच. अंथरुणावर पडून राहणं त्यांना जमलंही नसतं. आता रविवारी झोपायला मला कुणाची आडकाठी नव्हती, आणि तीनच्या ठोक्याला मी टक्क जागा. उठायचो, पाणी प्यायचो, गॅलरीत जाऊन यायचो. जुई म्हणाली, “बाबा, तू पण आता काकांसारखा करतोस.”

दोन महिन्यांनी एका रविवारी बेल वाजली. एकदाच. काकू खोकं छातीशी धरून उभ्या होत्या. “एक नवीन पान आहे,” म्हणाल्या.

काकांनी कापून ठेवलेल्या कोऱ्या पुठ्ठ्यावर त्यांनी स्वतः काढलेलं होतं, उजव्या हाताने. रेषा थरथरलेल्या. आठ पायांचा प्राणी, आठही पाय आठ दिशांना, कपाळावर चष्मा. खाली वाकड्या अक्षरांत नियम: हा ज्याच्याकडे येईल त्याने पुढच्या पाळीला दुसऱ्याला द्यायचा. ठेवून घ्यायचा नाही.

पान आधी जुईला आलं, तिने मला दिलं. माझी पाळी आली तरी माझ्याच्याने ते सोडवेना.

“दे पुढे,” काकू म्हणाल्या.

“राहू दे ना एक डाव.”

“तो कधी बसला होता कुणाकडे? दे.”

मी उजव्या हाताने पान पुढे केलं. काकूंनी ते उजव्याच हाताने घेतलं आणि आपल्या बाकीच्या पानांत खोचलं. आता पाळी त्यांची होती. फासे त्यांच्या पुढ्यात पडले होते. त्यांनी ते बराच वेळ उचललेच नाहीत, आणि आम्ही दोघांनीही घाई केली नाही.