स्लॅबवरचा पत्रा

आप्पा आधी मारायचा आणि मग बोलायचा. माझी त्याची ओळखच तशी झाली. शहाद्याला माझा काँक्रीटची मिक्सर मशीन भाड्यानं देण्याचा धंदा आहे. त्याच्या घराच्या पायाला मशीन घेऊन गेलो, माल जरा घट्ट वाटला म्हणून एक बादली पाणी वाढवलं, तर कानाखाली असा जाळ निघाला की हातातली बादली कुठं गेली ते मला कळलं नाही.

"पानी जास्ती व्हयनं," तो मग शांतपणे म्हणाला.

मीही ऐकून घेणाऱ्यातला नाही. त्याची कॉलर धरली, दोन बटणं तोडली. त्यानंतर त्यानंच चहा मागवला. तोंडानं सांगता येत नाही का तुला, म्हणून मी विचारलं.

"सांगीसन कोनी ऐकत नही," बशीत चहा ओतत तो म्हणाला. "मी पहिले मारस, मंग सांगस."

तुमच्याही गल्लीत असा एक असेलच. पण आमचा आप्पा घर बांधत होता तेही कुणाला तरी मारल्यासारखं. तापीकाठच्या गावांत लोक पत्र्याखाली भाजून निघतात म्हणून स्लॅब टाकतात. आप्पाचं कारण गल्लीच्या पलीकडे राहत होतं. त्याचा सख्खा मोठा भाऊ, नाना. वाटणीत पुढची जागा धाकट्याला गेली आणि आईही धाकट्याकडेच राहिली. तेव्हापासून जेवणं झाली की नाना आपल्या अंगणात उभा राहून आप्पाच्या जुन्या घराच्या पत्र्यावर एक धोंडा हाणायचा. सारं घर दणाणायचं. आप्पा काठी घेऊन धावायचा. नानाच्या दारावर त्याच्या कुऱ्हाडीचे घाव होते, आप्पाचा पुढचा दात नानानं पाडला होता. गावाला या भांडणाची इतकी सवय झाली होती की ओट्यावरून कुणी उठायचंही नाही.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दगड पडेपर्यंत म्हातारी खाटेवर बसून राहायची. पडला की दचकायची, मग आडवी व्हायची.

"मायनी झोप उडी गई," आप्पा म्हणायचा. "तिले निवांत झोप लागाले पाहिजे. मंग मी मरी गया तरी चाली."

म्हणून ते घर. सळई जाडजूड, कॉलम देवळाच्या खांबासारखे. एका कॉलमची फळी काढली तर तळाशी माल नीट बसला नव्हता, खडी उघडी दिसत होती. मिस्तरी म्हणाला, प्लॅस्टरमध्ये झाकून टाकू.

"तोडी टाक," आप्पा म्हणाला.

मिस्तरी घुटमळला, तसा त्याला ढकलून आप्पानं स्वतः घण उचलला. अख्खा कॉलम फोडला. प्रत्येक घावाला नानाचं नाव घेऊन एक शिवी. हात सोलून निघाले, तरी नुसती सळई उभी राहीपर्यंत तो थांबला नाही. नाना आपल्या दारातून सगळं बघत होता, आणि मला वाटलं आता हा घण घेऊन गल्ली ओलांडतो.

स्लॅबच्या दिवशी आम्ही उजाडताच मशीन सुरू केली. धडगावकडच्या मजुरांची टोळी होती, घमेली हातोहात वर जात होती. स्लॅब एकदा सुरू केला की मधे सोडायचा नसतो. अर्धा वाळला आणि अर्धा नंतर टाकला तर सांधा राहतो, आणि तिथूनच तो जन्मभर गळतो. ऊन डोक्यावर आलं आणि नाना फावड्याचा दांडा घेऊन आला.

"छज्जा गल्लीमा काढा तू," असं म्हणत त्यानं पहिला दांडा आप्पाच्या पाठीत घातला.

आता रक्त सांडतंय म्हणून मजूर घमेली टाकून पळायच्या बेतात. मी मशीन बंद करायला हात पुढे केला, तर आप्पानं मलाच एक ठेवून दिली.

"मशीन बंद व्हवाले नको," तो ओरडला. मग नानाकडे वळला. "मार. कितला मारस ते मार."

आणि अहो, त्यानं खरंच मार खाल्ला. ज्यानं उभ्या आयुष्यात पहिला हात दुसऱ्याला उचलू दिला नाही, तो मशीनला पाठ लावून उभा राहिला. खांद्यावर, बरगड्यांवर, शेवटी कानावर. कान फुटला, शर्ट लाल झाला. त्यानं हात उचलला असता तर हाणामारी पेटली असती आणि एकही मजूर थांबला नसता. माझ्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं होतं. शेवटी दांडाच मोडला. समोरून कुणी मारतच नाही म्हटल्यावर नाना बावचळला, आणि तुकडा फेकून निघून गेला. शेवटचं घमेलं वर गेल्यावर आप्पा दवाखान्यात गेला. त्या कानानं त्याला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

घरात राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांनी तो माझ्या वखारीवर आला. म्हणाला, एखादा जुना पत्रा दे.

"स्लॅब गळतो का?" मी चमकून विचारलं.

"स्लॅब मन्हा कसाले गळी?" तो उसळला. मग खाली बसला. पहिल्या रात्री नानानं नेहमीसारखा धोंडा मारला होता. स्लॅबला त्याचं काय, खाली टिचकीएवढाही आवाज आला नाही. म्हातारी मात्र पहाटेपर्यंत खाटेवर बसून. सकाळी तिनं आप्पाला विचारलं, "रातले दगड नही उना. नाना आजारी पडना का रे?"

"म्हणजे ती भीत नव्हती?" मी म्हणालो.

"वाट देखे ती. दगड उना का तिले समजे, मोठा पोऱ्या खुशाल शे." त्यानं फुटक्या कानावर हात ठेवला. "मंग मी कसाले मार खादा, भाऊ?"

त्यानं तो गंजका पत्रा स्लॅबवर आईच्या खोलीच्या डोक्यावर टाकला आणि वर विटा ठेवल्या. नाना गावभर सांगत सुटला की आप्पाचा स्लॅब गळतो. आप्पानं ते ऐकून घेतलं. रात्री जेवणं झाली की पत्रा वाजायचा आणि म्हातारी घोरायला लागायची.

गेल्या हंगामात उसाची ट्रॉली त्याच्या गल्लीत शिरली. ड्रायव्हरला खाली ओढायला आप्पा धावला, आधी मारायचं आणि मग सांगायचं म्हणून. वळणावर ट्रॉली कलंडली ती त्याच्याच अंगावर.

दहाव्याला मी गेलो. नाना डोकं भादरून आप्पाच्या अंगणात भिंतीला टेकून बसला होता. मी त्याला पत्र्याचं सगळं सांगितलं, चार शिव्याही घातल्या. सुतक लागल्यापासून त्यानं दगड मारला नव्हता. आतून म्हातारी आप्पाच्या बायकोला विचारत होती.

"धाकला गया. मोठा बी गया का वं?"

नाना उठला. दारापर्यंत जाऊन तो परत फिरला. मग वाकून त्यानं एक खडा उचलला आणि हळूच वर टाकला. पत्रा वाजला.

"शे," म्हातारी आत म्हणाली. "मन्हा नाना शे."

मी दाराकडे बघत राहिलो. पत्रा वाजला की काठी घेऊन आप्पा बाहेर यायचा. कुणी आलं नाही.