रिकामी फेरी

काहीही रिकामं जाताना पाहिलं की ज्याच्या खरोखर पोटात दुखतं, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझ्या ताईच्या वाट्याला आला. आमचे दाजी. स्कूटरची मागची सीट रिकामी ठेवून ते बाजारात जात नाहीत, कोपऱ्यावर थांबून "शहागंज, शहागंज, येतंय का कुणी?" असं रिक्षावाल्यासारखं ओरडतात. एकदा एका अनोळखी म्हाताऱ्या चाचांना मागे बसवलं आणि अर्ध्या वाटेत कळलं, चाचांना जायचं होतं स्टेशनला. गप्पांच्या नादात ते सांगायचंच राहून गेलं होतं. दाजींनी त्यांना स्टेशनला सोडलं आणि तिथून परतीच्या वाटेवरचा माणूस शोधत बसले. इकडे ताई कढीपत्त्याची वाट पाहत गॅस बंद करून बसलेली.

ते पहिल्यांदा ताईला बघायला आले तेव्हाही हेच. बाबांनी पोहे करायला आईला सांगितलं होतं आणि शेजारच्या काकूंनाही. न जाणो, एकीचे बिघडले तर. पाहुण्यांपुढे दुप्पट बश्या आल्या. मुलीकडे बघायचं सोडून मुलाने बाबांना विचारलं, "एकाच कामाचं दोघींना कशाला सांगितलं?" बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ताई मात्र आत जाऊन हसत सुटली. लग्न तिथेच ठरलं, असं माझं मत आहे.

पोटापाण्यालाही देवाने त्यांना तेच काम दिलं. पुण्याच्या एका कंपनीसाठी ते घरी बसून काम करतात आणि ते काय करतात हे मला त्यांनी इतक्यांदा समजावलंय की आता मी झोपेतही सांगेन. हल्लीचा मोबाइल एकाच वेळी दोन टॉवरना धरून असतो. त्याला काही पाठवायचं असलं की तो दोघांनाही सांगून बसतो, माझ्याकडे एवढा माल आहे. दोन्ही टॉवर बिचारे तेवढी जागा राखून ठेवतात. माल जातो एकाकडून. दुसऱ्याची फेरी रिकामी. "बघा की राव, शेजारचा माणूस फोटो जात नाय म्हणून बोंबलतोय, अन् इथं जागा फुकट चालली!" हे सांगताना दाजींना खरंच वाईट वाटतं. त्यांचा उपाय साधा आहे. माल ठरलेल्या मापाहून कमी असला तर मोबाइलने एकाच टॉवरला सांगायचं. जास्त असला तरच दोघांना, आणि मग वाटून पाठवायचं. ते माप किती धरावं, यात दाजींचे केस पिकले.

इथपर्यंत ठीक होतं. पण हा नियम त्यांनी स्वतःच्या आईला लावला.

दाजींच्या आई, म्हणजे आमच्या मावशी, पडेगावच्या घरात एकट्या राहत. थोरले भाऊ बजाजनगरला, दाजी शहरात. गुडघ्याला चोळायचं तेल संपलं की मावशी दोघांनाही फोन करत आणि दोघंही शहागंजातल्या त्याच दुकानातून तीच बाटली घेऊन दारात एकमेकांना भेटत. मग भांडण, मग चहा, मग पिठलं-भाकरी, आणि त्यात दिवस मावळायचा. फळीवर एवढ्या बाटल्या साठल्या की सगळ्या गल्लीचे गुडघे त्यात निभावले असते. शेवटी दाजी म्हणाले, "आई, बारीकसारीक काम एकालाच सांगत जा. मोठं असलं तरच दोघांला."

"व्हय बाबा. मोठं म्हंजी केवढं?"

"एकट्याला झेपत नाय, तेवढं."

मावशींनी नियम तंतोतंत पाळला. या वेळी भाऊ, पुढच्या वेळी दाजी. एका बाटलीत भागू लागलं. दाजी भलतेच खूश होते. उन्हाळा गेला, पोळा गेला, आणि ताईने एकदा सहज विचारलं, "तुमची अन् भाऊंची गाठ कधी पडली होती हो?" दाजींना आठवेना.

त्याच सुमारास पडेगावहून दोघांनाही फोन आला. लोखंडी कपाट या भिंतीचं त्या भिंतीला न्यायचं होतं. दोघं गेले, कपाट हललं, पिठलं झालं. पुढच्या रविवारी पुन्हा फोन. तिथं ऊन लागतंय, होतं तिथंच ठेवा. त्याच्या पुढच्या रविवारी, इथं ओल येतीय. एकदा मीही हात लावायला गेलो होतो. घामाघूम झालेले दाजी म्हणाले, "आई, लई झालं आता. ह्या कपाटाचं काम तरी काय हाय?"

मावशी पदराने त्यांचं कपाळ पुसत म्हणाल्या, "मोठं काम हाय बाबा. एकट्याला झेपत नाय. तूच म्हनला व्हतास न्हवं?"

भाऊ हसता हसता कपाटाला टेकून खाली बसले. दाजीही शेजारी टेकले. मग म्हणाले, "भाकरी टाक, आई." त्यानंतर मावशी जाईपर्यंत ते कपाट दर रविवारी इकडून तिकडे होत राहिलं आणि दाजींनी एकदाही कारण विचारलं नाही.

मावशींना जाऊन आता वर्ष होत आलं. साड्या, भांडी ज्याची त्याला दिली गेली. कपाट रिकामं झालं, आता भंगारात जाईल असं मला वाटलं होतं. गेल्या रविवारी सकाळी दाजी स्कूटर घेऊन माझ्या दारात. "बसा मागं. भाऊ निघालाय बजाजनगरहून. कपाट हलवायचंय."

"अहो दाजी, पण रिकामं कपाट—"

"बसा हो," ते म्हणाले. त्यांनी किक मारली. मी बसलो.

आत काही नसल्याने कपाट इतकं हलकं झालं होतं की एकट्या भाऊंनी सहज सरकवलं असतं. तरी दोघांनी दोन बाजू धरल्या, "जपून रं, जपून" करत ते समोरच्या भिंतीला नेलं आणि घाम नसताना कपाळं पुसली. मला त्या वेळी मावशींची फार आठवण आली.

भाऊ खिडकीकडे बघत म्हणाले, "इथं ऊन लागंल रं ह्याला."

"लागू दे," दाजी म्हणाले. "पुढच्या रविवारी हलवू."